घटिकापात्र आणि शरीरातील काळ : प्रहरबद्ध रचनाप्रकारांच्या तौलनिक अभ्यासाची एक पूर्वपीठिका

१. प्रश्नाचे स्वरूप

तौलनिक साहित्याभ्यासाच्या परिभाषेत 'क्रोनोटोप' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे, की तिचे शरीरविज्ञानाशी असलेले नाते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. कादंबरीतील काल-अवकाशाचा विचार मांडताना मिखाईल बाख्तिन यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे, की १९२५ च्या उन्हाळ्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ उख्तोम्स्की यांचे जीवशास्त्रातील क्रोनोटोपविषयीचे व्याख्यान त्यांनी ऐकले होते. म्हणजे साहित्यविचारातील ही मध्यवर्ती संकल्पना एका प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरून आपल्याकडे आली आहे. त्या उंबरठ्यापलीकडे शरीर आणि काळ यांच्या संबंधाविषयी पुढे काय उलगडत गेले, याची माहिती साहित्याच्या अभ्यासकाने करून घेणे म्हणूनच अनाठायी ठरू नये.

मराठीपुरते पाहिले तर या माहितीची एक विशेष निकड आहे. भूपाळी, काकड आरती, वासुदेवाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, शेजारती, अंगाई असे कितीतरी रचनाप्रकार दिवसाच्या वा रात्रीच्या एका ठरावीक वेळेशी बांधलेले आहेत. त्यांना आपण सोयीसाठी 'प्रहरबद्ध' रचना म्हणू. या रचना त्याच वेळी का, या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. एक असे, की हा केवळ रूढीचा भाग आहे. दुसरे असे, की पूर्वजांना शरीराचे आंतरिक घड्याळ ठाऊक होते आणि त्यानुसार त्यांनी गीतांची व रागांची वाटणी केली. २०१७ मध्ये शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक दैनिक लयींच्या संशोधनाला मिळाल्यापासून हे दुसरे उत्तर अधिक आत्मविश्वासाने दिले जाताना दिसते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र ते स्पष्ट होण्यासाठी आधी हे घड्याळ म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागेल.

२. घड्याळ की घटिकापात्र?

१७२९ मध्ये झां-जाक दोर्तू द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप काळोखात ठेवून पाहिले. दिवसा उघडणारी आणि सायंकाळी मिटणारी त्याची पाने ऊन न दिसताही आपापल्या वेळी उघडत व मिटत राहिली. त्यानंतर शतकभराने, १८३२ मध्ये, स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी एक महत्त्वाची भर घातली : अखंड समान परिस्थितीत ठेवलेल्या रोपांचे आवर्तन बरोबर चोवीस तासांचे नसते, ते बावीस ते तेवीस तासांचे असते. या किंचितशा तफावतीत फार मोठा पुरावा दडलेला आहे. बाहेरच्या एखाद्या गुप्त खुणेवरून रोप वेळ ओळखत असते, तर त्याचे आवर्तन पृथ्वीच्या परिवलनाइतकेच भरले असते. ते तसे भरत नाही, याचा अर्थ लय आतूनच उपजते. 'सुमारे एका दिवसाची' या अर्थी फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये 'सर्केडियन' ही संज्ञा घडवली, ती या 'सुमारे'साठीच. मराठीत तिला 'परिदैनिक' म्हणता येईल.

माणसाच्या बाबतीत हे आवर्तन सरासरी चोवीस तास व दहा-बारा मिनिटे इतके असल्याचे हार्वर्ड येथील चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. प्रकाशाची खूण मिळाली नाही, तर असा मनुष्य रोज दहा-बारा मिनिटे मागे पडत जाईल आणि पाच-सहा दिवसांत त्याची पहाट तासाभराने ढळेल. तसे होत नाही, कारण प्रकाश ही लय दररोज दुरुस्त करतो. पहाटे व सकाळी पडणारा प्रकाश तिला पुढे ओढतो. सायंकाळी उशिरा व रात्रीच्या पूर्वार्धात पडणारा प्रकाश तिला मागे ढकलतो. भर दुपारच्या प्रकाशाचा तिच्यावर तुलनेने फारसा परिणाम होत नाही. एकच प्रकाश, पण तो कोणत्या घटकेला पडतो यावर त्याचा अर्थ ठरतो. संदर्भानुसार अर्थ पालटणाऱ्या चिन्हाचे याहून नेमके उदाहरण चिन्हमीमांसकालाही सहजी सापडणार नाही.

या व्यवस्थेला 'घड्याळ' म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु आपल्या परंपरेतील घटिकापात्र हे रूपक तिला अधिक जवळचे आहे, असे सुचवावेसे वाटते. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र. पंचांगातील घटका-पळे सूर्योदयापासून मोजली जातात. म्हणजे मापनाचे एकक उपकरणाच्या घडणीतून आलेले, समान आणि सूर्यनिरपेक्ष. मोजणीचा आरंभ मात्र रोज सूर्याकडून घेतलेला. शरीरातील व्यवस्था नेमकी अशीच आहे : गती स्वतःची, पण आरंभबिंदू रोज उजेडाकडून नव्याने घेतलेला. भिंतीवरच्या घड्याळाला हा दुसरा गुण नाही.

याउलट 'प्रहर' हे माप सूर्यावर अवलंबून आहे. दिवसाचा चौथा भाग आणि रात्रीचा चौथा भाग असे ते ठरत असल्यामुळे ऋतूनुसार लांबते व आखडते. बंगळूरसारख्या विषुववृत्ताच्या जवळच्या शहरीही सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारे दीड तासाचे अंतर असते. त्यामुळे दिवसाचा एक प्रहर कधी तीन तासांहून थोडा कमी, तर कधी थोडा अधिक भरतो. द्विप्रहरावरून आलेली 'दुपार', 'पहारा' व 'पहारेकरी' हे शब्द, 'अष्टौप्रहर' हा वाक्प्रचार या सगळ्यांत प्रहर टिकून आहे. घटका समान, प्रहर विषम. भाषेने ही दोन मापे शेजारी शेजारी नांदवली आणि शरीरालाही हेच करावे लागते : आतल्या घटकांचा बाहेरच्या प्रहरांशी रोज मेळ घालावा लागतो.

अर्थात रूपकाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. उष्ण पाणी थंड पाण्याहून भरभर वाहते, म्हणून घटिकापात्राची गती तापमानानुसार थोडी बदलते. सजीवांच्या परिदैनिक लयीचा वेग मात्र तापमान बदलले तरी जवळजवळ स्थिर राहतो. रसायनक्रियांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत असे व्हावे, हे तिचे एक मोठेच वैशिष्ट्य होय.

३. बंगळूर येथील फळमाश्या

या विषयाच्या भारतीय इतिहासात बंगळूरला मानाचे स्थान आहे. मारोली कृष्णय्या चंद्रशेखरन (१९३७–२००९) यांनी मदुराई कामराज विद्यापीठात प्राणिवर्तनाचा विभाग उभारला आणि पुढे ते बंगळूरच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आले. तेथे वासू शीबा, विजयकुमार शर्मा, अमिताभ जोशी आणि चंद्रशेखरन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग साहित्याच्या अभ्यासकानेही मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे.

फळमाशी कोशातून बाहेर पडते ती साधारणतः पहाटेच्या सुमारास, हवेत ओलावा असताना. या केंद्रात फळमाश्यांच्या काही समूहांना सहाशेहून अधिक पिढ्या अखंड प्रकाशात वाढवण्यात आले होते. पहाट म्हणजे काय, हे या माश्यांच्या शेकडो पूर्वज-पिढ्यांनी अनुभवलेले नव्हते. माणसाच्या एका पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर सहाशे पिढ्या म्हणजे पंधरा हजार वर्षे. इतक्या प्रहरहीन पिढ्यांनंतर या माश्यांना प्रकाश-अंधाराचे चक्र दिले, तेव्हा त्या चक्राला धरून कोशातून बाहेर पडल्या. संपूर्ण अंधारात ठेवल्या, तेव्हाही त्यांची लय चालू राहिली. वापरात नसलेली लय लोप पावली नव्हती. अशा लयीचा उपयोग बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेण्यापुरताच नसावा. शरीराच्या अंतर्गत क्रिया परस्परांशी सुसंगत ठेवण्यासाठीही ती लागत असावी, असा तर्क यावरून करता येतो.

दुसरा प्रयोग त्याच प्रयोगशाळेतील आणि पुढच्या दशकातील. सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्या आणि सायंकाळी बाहेर पडणाऱ्या माश्या निवडून त्यांची स्वतंत्र पैदास पिढ्यान्‌पिढ्या करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 'लवकर' समूहाचे आंतरिक आवर्तन आखूड आणि 'उशिरा' समूहाचे लांब झालेले आढळले. वेळेची आवड ही सवय वा शिस्त एवढ्यापुरती मर्यादित नसून तिला आनुवंशिक पाया असतो, हे यातून दिसते. माणसांतही पहाटे ताजेतवाने असणारे आणि रात्री उशिरा खुलणारे असे भेद आढळतात. वयानुसारही ते पालटतात. पौगंडावस्थेत लय मागे सरकते, उतारवयात ती पुढे येते. या भेदांचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

४. यंत्रणा

१९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का व सीमूर बेन्झर यांनी फळमाशीतील एका जनुकाची तीन उत्परिवर्तने शोधली. पहिल्यात लय नाहीशी झाली होती, दुसऱ्यात आवर्तन एकोणीस तासांचे झाले होते, तिसऱ्यात अठ्ठावीस तासांचे. जनुकाला 'पीरियड' असे नाव मिळाले. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांनी त्याचे कार्य उलगडले. २०१७ चे पारितोषिक त्यांनाच मिळाले. या कार्याचा गाभा सोप्या शब्दांत सांगता येतो. जनुकाच्या आज्ञेवरून पेशीत एक प्रथिन तयार होते. ते हळूहळू साठते, जोडीदार प्रथिनासह पेशीकेंद्रात शिरते आणि ज्या जनुकाने त्याला निर्माण केले त्याचेच काम थांबवते. मग साठलेले प्रथिन झिजत जाते, अडथळा दूर होतो, जनुक पुन्हा कामाला लागते. या एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो. भांडे भरणे, बुडणे, रिते करून पुन्हा सोडणे, हाच हा क्रम होय.

सस्तन प्राण्यांत अशी आवर्तने जवळजवळ प्रत्येक पेशीत चालतात. त्यांना एकत्र बांधणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर आहे. सुमारे वीस हजार चेतापेशींच्या या जोडगोळीचे कार्य १९७२ मध्ये ध्यानात आले. तिला प्रकाशाची वार्ता डोळ्यांतूनच, पण मुख्यतः दृष्टीच्या नेहमीच्या पेशींहून वेगळ्या पेशींकडून मिळते. त्यामुळे काही दृष्टिहीन व्यक्तींना काही दिसत नसले, तरी त्यांची लय उजेडाशी जुळलेली राहू शकते. या केंद्राच्या नियंत्रणाखाली सायंकाळनंतर रक्तातील मेलाटोनिन वाढते आणि शरीराचे तापमान उतरू लागते. ते उत्तररात्री, जाग येण्याच्या सुमारे दोन तास आधी, नीचांक गाठते.

नवजात अर्भकात ही लय स्थिरावलेली नसते. ती साधारणतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकाराला येते. अंगाई हा प्रकार मनुष्याच्या आयुष्यात प्रवेश करतो तो नेमका या काळात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या जिवाला रात्र अजून उमगलेली नाही, त्याला रात्रीची ओळख करून देण्याचे काम हे गीत करते.

५. उजेड आणि शेजार

लय जुळवणारी सर्वांत बलवान खूण प्रकाश ही असली, तरी ती एकमेव नाही. चंद्रशेखरन आणि त्यांचे मदुराईतील सहकारी जी. मारिमुत्तू व एस. राजन यांनी १९८१ मध्ये वटवाघळांवरील एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गुहेच्या खोल काळोखात, पिंजऱ्यात कोंडून ठेवलेल्या वटवाघळाला बाहेरचा उजेड मुळीच दिसत नव्हता. तरीही भोवतालची मुक्त वटवाघळे रोज सायंकाळी बाहेर पडत व पहाटे परतत, तोवर बंदिवान वटवाघळाची लय दिवसाशी जुळलेली राहिली. सजातीयांची वस्ती नसलेल्या काळोखात मात्र ती आपल्या स्वतःच्या गतीने सरकू लागली. ज्यांनी सूर्य पाहिला त्यांच्या हालचालींवरून, ज्याने पाहिला नाही त्याला वेळ कळत होती. काळाचे ज्ञान शेजारातून येऊ शकते, असा याचा अर्थ.

माणसाच्या बाबतीत सामाजिक खुणांचा शरीरावर होणारा प्रत्यक्ष परिणाम प्रकाशाच्या तुलनेने दुबळा आहे. त्या बहुधा झोपेची व उजेडाची वेळ बदलवूनच आपले काम करतात. म्हणून गुहेतील वटवाघळावरून मराठी खेड्याकडे थेट उडी घेणे योग्य नव्हे. परंतु प्रश्न मात्र तेथून घेता येतो. पहाटेच्या काळोखात एका घरातले जाते घरघरू लागले, की ते शेजारच्या घरात ऐकू जाई. वासुदेवाचे टाळ, देवळातील काकड आरतीची घंटा, मशिदीतील अजान, कोंबड्याचे आरवणे या सर्व उजेडाच्या आधीच्या खुणा आहेत. 'झुंजुमुंजू', 'फटफटणे', 'तांबडे फुटणे' असे उजेडाच्या पायऱ्या सांगणारे शब्द मराठीत आहेत. आणि त्याच मराठीत 'निजानीज', 'दिवेलागण' असे माणसांच्या वागण्यावरून वेळ सांगणारे शब्दही आहेत. पहिल्या गटात वेळ आकाश ठरवते, दुसऱ्यात शेजार ठरवतो.

६. एक वेळ, अनेक अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहाटेच्या गीतांचा विश्वव्यापी तौलनिक अभ्यास आर्थर हॅटो यांनी संपादित केलेल्या 'ईऑस' (१९६५) या ग्रंथात झाला आहे. प्रेमिकांची पहाटेची भेट आणि ताटातूट हे त्याचे आशयसूत्र. प्रोव्हांसच्या त्रुबादूरांच्या 'आल्बा' या प्रकारात पहाट नकोशी असते, कारण ती वियोग आणते. मराठी भूपाळीत पहाट हवीशी असते, कारण ती देवाला व माणसाला जागे करते. तमिळमधील तोंडरडिप्पोडी आळवारांचे तिरुप्पळ्ळियेळुच्ची आणि संस्कृतातील वेंकटेश सुप्रभातम् याच जातकुळीचे. जात्यावरच्या ओवीत पहाट हवीशीही नसते आणि नकोशीही नसते. ती कामाची वेळ असते, आणि घरातील इतर माणसे निजलेली असल्यामुळे बाईला स्वतःशी बोलता येण्याची वेळ असते. तिन्ही ठिकाणी शरीराची अवस्था ढोबळमानाने एकच : तापमान नीचांकावरून चढू लागलेले, मेलाटोनिन ओसरू लागलेले. शरीर एकच असूनही प्रकार तीन झाले. शरीराचे घड्याळ प्रकाराचा अर्थ ठरवते, हे म्हणणे येथेच संपते.

रागसमयाचे उदाहरण अधिक बोलके आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' या मराठी ग्रंथात रागांच्या वेळेचा संबंध वादी स्वराच्या स्थानाशी जोडला : पूर्वांगवादी राग मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंत, उत्तरांगवादी राग मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंत. भूप आणि देशकार या रागांत स्वर तेच पाच. गांधार वादी असलेला भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, धैवत वादी असलेला देशकार सकाळी. हा भेद व्यवस्थेतील स्थानभेदातून निर्माण होतो, जसा भाषेतील अर्थभेद निर्माण होतो. शिवाय पहाटे गायच्या भूपाळीशी ज्याचे नाव जुळते, तो भूपाळी उर्फ भूप स्वतः रात्रीचा राग! बंगळूरसारख्या शहरात ज्या कर्नाटक संगीताची परंपरा रुजलेली आहे, त्याच्या मैफलीत वेळेचे बंधन सहसा पाळले जात नाही. शरीराचेच हे विधान असते, तर कृष्णा-कावेरीच्या खोऱ्यांत ते बदलले नसते.

'ब्राह्ममुहूर्ता'विषयीही असाच विवेक हवा. निरोगी माणसाने आयुष्याच्या रक्षणासाठी ब्राह्ममुहूर्ती उठावे, असे वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त सांगितले आहे. दिवसाला एक क्रम असावा आणि तो सूर्याला धरून असावा, एवढ्यापुरते हे सूत्र आजच्या ज्ञानाशी सुसंगत आहे. परंतु सर्वांनी एकाच मुहूर्ताला उठणे सर्वांना सारखेच हितकर, असे परिदैनिक लयींचे विज्ञान सांगत नाही. 'लवकर' व 'उशिरा' समूहांचे प्रयोग तर वैविध्याकडेच बोट दाखवतात. नोबेल पारितोषिकाची मोहोर दिनचर्येच्या ग्रंथावर उठवण्याने विज्ञानाचा मान वाढत नाही आणि ग्रंथाचाही वाढत नाही.

मग रूढी हेच उत्तर का नव्हे? कारण रूढीलाही शरीराची मर्यादा सांभाळावी लागते. उत्तररात्री शरीर निजेकडे सर्वाधिक झुकलेले असते. त्या झुकावाविरुद्ध माणसाला उठवायचे, तर काहीतरी लागते. देवाला उठवण्याच्या निमित्ताने स्वतःला उठवणे, जात्याच्या फेऱ्याला ओवीची साथ देणे, ही त्या विरोधावर शोधलेली सांस्कृतिक उत्तरे होत. शरीर प्रश्न घालते. उत्तर संस्कृतीचे असते, म्हणूनच ते अनेकवचनी असते.

७. प्रहर हरवल्यानंतर

कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत बंगळूरला १९०५ मध्ये पोहोचली आणि येथील रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. शतकभराने हेच शहर अमेरिका व युरोप यांच्या कार्यवेळेनुसार रात्रभर जागणाऱ्या कार्यालयांसाठी ओळखले जाऊ लागले. रात्रपाळी करणाऱ्याच्या मेंदूतील केंद्र सकाळी घरी परतताना दिसणाऱ्या उन्हाशी बांधलेले राहते, त्याचे जेवण व काम मात्र दुसऱ्या खंडाच्या दिवसाशी. शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतील घटिकापात्रे निरनिराळ्या वेळी भरू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये लयभंग करणारी पाळी, आणि २०१९ मध्ये रात्रपाळी, माणसात 'बहुधा' कर्ककारक असल्याचे वर्गीकरण केले. हा विषय केवळ बौद्धिक कुतूहलाचा नाही, तो असा.

साहित्याच्या बाजूने झालेली हानी कमी दृश्य आहे. पिठाची गिरणी आली, तेव्हा बाईचे कष्ट हलके झाले आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु ओवीची वेळ तिच्याबरोबर गेली. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहामुळे लाखाहून अधिक ओव्या आज वाचता-ऐकता येतात. त्या वाचणारा आपण मात्र दुपारी टेबलाशी बसलेला असतो. होनाजी बाळाच्या नावाशी निगडित भूपाळी १९५१ च्या 'अमर भूपाळी' या चित्रपटाने घरोघरी पोहोचवली, आणि त्याच क्षणी ती रात्रीच्या खेळालाही ऐकू येऊ लागली. संहिता टिकली, प्रहर गळला.

म्हणून एक सूचना येथे विचारार्थ मांडावीशी वाटते. प्रहरबद्ध रचनांचे संकलन व तौलनिक विवेचन करताना वेळेची नोंद तीन स्तरांवर वेगवेगळी केली जावी. पहिला स्तर शरीराचा : गाणारा वा ऐकणारा कोणत्या अवस्थेत आहे, निजेकडे झुकलेला की जागृतीकडे. हा स्तर मनुष्यमात्राला सामान्य असला, तरी व्यक्ती व वय यांनुसार बदलतो. दुसरा स्तर सूर्याचा, म्हणजे स्थळ व ऋतू यांचा. तिसरा स्तर शेजाराचा : कोण जागे आहे, कोण निजले आहे, कोणासाठी व कोणाच्या नकळत गायले जात आहे. रचनेचा अर्थ मुख्यतः तिसऱ्या स्तरावर घडतो. पण पहिले दोन स्तर ध्यानात न घेता तो नेमका सांगता येत नाही. तिसऱ्याला पहिल्यात बुडवले, तर सर्व पहाटगीते एकसारखी दिसू लागतील; पहिल्याला वगळले, तर जगाच्या इतक्या भाषांत याच वेळेला गीत का लागले, हे अनाकलनीय राहील. ज्या वाचकाने ओवी पहाटे ऐकलेली नाही आणि यापुढे ऐकणारही नाही, त्याच्यासाठी ही नोंद संहितेचाच भाग ठरते.